डर्बीतला ‘इत्यादी’ घोडा

केंटकी डर्बी ही शर्यत चालते दोन मिनिटं आणि तिच्यावरची चर्चा चालते चार महिने. 1973 साली सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने ती 1 मिनिट 59.4 सेकंदांत संपवली. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. चर्चेचा विक्रम मात्र दरवर्षी मोडतो. त्यातून एखादा घोडा जपानहून, दुबईहून किंवा आयर्लंडहून विमानात बसून आलेला असला, तर मग शर्यत जिथे होते त्या लुईव्हिल शहरातल्या प्रत्येक माणसाला अश्वशास्त्र, भूगोल, हवामान आणि परराष्ट्र धोरण हे चारही विषय एकाच वेळी सुचायला लागतात.

वाद रंगायला लागणारी पहिली अट इथे फार चांगली पाळली जाते. ती म्हणजे, कुणालाच काही माहीत नसणं. डर्बीत फक्त 3 वर्षांचे घोडे धावतात, म्हणजे प्रत्येकाला आयुष्यात एकदाच संधी. अंतर सव्वा मैलाचं, आणि बहुतेक घोडे तेवढं अंतर त्या दिवशी पहिल्यांदाच धावत असतात. शर्यतीत एका वेळी 20 घोडे. अमेरिकेत एरवी 8-10 घोड्यांत धावायची सवय असलेल्या या पोरांना अचानक 20 जणांच्या चेंगराचेंगरीत सोडतात आणि वर दीड लाख माणसं ओरडायला बसवतात. अशा वेळी कुठला घोडा काय करील, हे सांगणं अशक्य असतं. म्हणूनच सगळे सांगतात.

अमेरिकन घोड्याबद्दल निदान थोडी माहिती तरी असते. बाहेरच्या घोड्याबद्दल तीही नसल्यामुळे मतं अधिक ठाम. एक तर तो आला की त्याला वेगळ्या तबेल्यात, क्वारंटाइनमध्ये ठेवतात. तिथून सुटला तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच. परदेशातून सांगून आलेल्या स्थळाकडे आपल्याकडे बघतात, तशी ही तपासणी असते. म्हणजे पगार, शिक्षण, घराणं सगळं कागदावर उत्तम; पण ‘तिकडे काय करत असेल, कुणी पाहिलंय?’ हा एक प्रश्न सगळ्या कागदांना पुरून उरतो. घोडा शांत उभा राहिला, तर ‘प्रवासाने गळालाय’. उड्या मारल्या, तर ‘बिथरलाय’. सगळा दाणा खाल्ला, तर ‘पोट सुटेल’. उरवला, तर ‘पाणी मानवलं नाही’. आठवडाभर आधी आणला, तर रुळायला वेळ मिळाला नाही. महिनाभर आधी आणला, तर सुस्तावला. स्वतःचा जॉकी बरोबर आणला, तर त्याला ट्रॅक माहीत नाही. इथला जॉकी घेतला, तर त्याला घोडा माहीत नाही.

2016 साली जपानहून लानी नावाचा करड्या रंगाचा घोडा आला होता. तो सकाळी ट्रॅकवर उभा राहून किंचाळायचा, थांबून राहायचा, मनात येईल तेव्हाच पळायचा. त्याच्या किंचाळण्याचे इतके अर्थ लावले गेले, की एखाद्या परराष्ट्रमंत्र्याच्या मौनाचेही लागत नसतील. डर्बीत तो नववा आला. मग प्रीकनेसमध्ये पाचवा आणि बेलमाँटमध्ये तिसरा. तिन्ही शर्यती पाच आठवड्यांत धावून, दर वेळी आधीपेक्षा बरा नंबर काढून तो घरी गेला. किंचाळण्याचा नेमका अर्थ काय होता, हे ठरायचं राहिलंच.

या वादात भाग घेणाऱ्यांच्या काही ठरलेल्या जाती आहेत. पहिला इतिहासवाला. त्याच्याकडे हरलेल्या परदेशी घोड्यांची यादी तयार असते आणि ती यादी खरोखरच भीषण आहे. दुबईत मेदान रेसकोर्सवर मार्च-एप्रिलच्या सुमाराला यूएई डर्बी होते आणि तिथला विजेता बरेचदा केंटकीचं तिकीट काढतो. 2017 साली थंडर स्नो हा असाच विजेता आला. फाटक उघडलं आणि त्याने धावण्याऐवजी मागचे पाय झाडत उड्या मारायला सुरुवात केली. जॉकीने त्याला तिथेच थांबवलं. शर्यत सुरू झाल्या झाल्या त्याच्यापुरती संपली. पुढे याच घोड्याने 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षं दुबई वर्ल्ड कप जिंकून दाखवली, म्हणजे पळता येत नव्हतं असं नाही. त्या दिवशी पळायचं नव्हतं.

2018 सालचा मेंडेलसन तर याहून वरचा. आयर्लंडचे नामांकित ट्रेनर एडन ओब्रायन यांचा हा घोडा, किंमत 30 लाख डॉलर. यूएई डर्बी त्याने साडेअठरा लांबींनी जिंकली होती. साडेअठरा लांबी म्हणजे दुसऱ्या नंबरचा घोडा फोटोतही मावत नाही. या वेळी मात्र इतिहास बदलणार, असं इतिहासवाल्यालाही वाटायला लागलं. डर्बीच्या दिवशी लुईव्हिलमध्ये धो धो पाऊस पडला, सुरुवातीलाच धक्काबुक्की झाली, तोंडावर चिखल बसला आणि मेंडेलसन विसावा आला. घोडे 20च होते.

दुसरा मातीवाला. त्याचं म्हणणं असं, की युरोपात घोडे गवतावर धावतात, अमेरिकेत मातीवर, आणि सगळा फरक तिथे आहे. हे बरोबरच आहे. गवतावरची शर्यत आधी सावकाश चालते आणि शेवटच्या दोन-तीन फर्लांगांत पेटते. मातीवरची शर्यत फाटक उघडल्या क्षणापासून पेटलेली असते. शिवाय पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेली माती मागच्यांच्या तोंडावर येते. काही घोडे ती सहन करतात. काहींना तो व्यक्तिगत अपमान वाटतो. यावर उपाय एकच, पहिल्यापासून पुढे राहायचं, म्हणजे माती इतरांच्या तोंडावर.

2022 साली दुबईहून आलेल्या समर इज टुमॉरो या घोड्याने हा उपाय मनापासून अमलात आणला. त्याचे ट्रेनर भूपत सीमार हे मूळचे भारतीय, त्यामुळे इथे आपलाही थोडा ऊर भरून यायला हरकत नाही. घोड्याने पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत पार केला. डर्बीच्या तोपर्यंतच्या इतिहासात इतका वेगवान पाव मैल कुणी धावलं नव्हतं. परदेशी घोड्याने केंटकीत विक्रम केला, तो असा. अडचण एवढीच, की शर्यत सव्वा मैलाची होती. उरलेल्या मैलात बाकीचे सगळे एकेक करून त्याच्या पुढे गेले आणि तो शेवटचा आला. त्याच्या मागोमाग धावलेला जपानचा क्राउन प्राइड तेरावा. त्या वर्षी वादविवादात या दोघांवर तासन्‌तास खर्च झाले होते. जिंकला कोण? आदल्या दिवशी एका घोड्याचं नाव मागे घेतलं गेलं म्हणून ऐन वेळी आत घुसलेला रिच स्ट्राइक. त्याचा भाव होता 80ला 1. त्याच्यावर कुणी दहा मिनिटंही वाद घातला नव्हता.

तिसरा वंशावळवाला. त्याच्याशी बोलताना आपण घोड्याबद्दल बोलतोय की एखाद्या संस्थानच्या वारसाबद्दल, हे कळत नाही. आईकडून दम, बापाकडून वेग, आजोबांकडून तिरसटपणा, असं तो सगळं वाटून देतो. चौथा घड्याळवाला; त्याला सकाळच्या सरावातल्या सेकंदांच्या पाचव्या हिश्शांतून भविष्य दिसतं. पाचवा भाववाला. त्याचं घोड्याशी काही देणंघेणं नसतं. ‘जिंकणार नाही हो, पण या भावात घ्यायलाच पाहिजे,’ हे त्याचं तत्त्वज्ञान. मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या वेळी दुसऱ्या सेंटरचा घोडा आला, की बाहेरच्या घोड्याबद्दल हीच पाच माणसं, हातात शर्यतींची माहिती देणारं कोलचं पुस्तक धरून, हेच बोलताना आढळतात. फरक असलाच, तर तिकडे बरोबर मिंट ज्युलेप असतं आणि इकडे चहा.

आता कुणाला वाटेल, की हे सगळे लोक बाहेरच्या घोड्याच्या विरुद्धच असतात. तसं नाही. बाजूने बोलतानाही ते तितकेच ठाम असतात. 1991 साली फ्रान्सहून आलेल्या अराझीने डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सच्याच मातीवर दोन वर्षांच्या घोड्यांची ब्रीडर्स कप ज्युव्हेनाइल जिंकली. मागून सुटला, वळणावर घोड्यांमधून वाट काढत गेला आणि असा निघाला, की पाहणाऱ्यांनी पुढच्या वर्षीची डर्बी त्याच संध्याकाळी त्याला देऊन टाकली. मधल्या काळात त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि तयारीसाठी तो फ्रान्समध्ये एकच शर्यत धावला. पण यावर शंका घेणारा माणूस म्हणजे अरसिक. 1992च्या डर्बीत अराझीवर लावलेल्या एका डॉलरला पुरता एक डॉलरही नफा मिळणार नव्हता, इतका तो लाडका. वळणावर त्याने पुन्हा तशीच मुसंडी मारली, लोक उभे राहिले, आणि मग घोडाही जणू उभा राहिला. आठवा आला. जिंकला लिल ई. टी. हा घोडा एकदा 3000 डॉलरला विकला गेला होता आणि लहानपणी पोटशुळासाठी त्याचं ऑपरेशन झालं होतं. एकाचे गुडघे कापलेले, दुसऱ्याचं पोट कापलेलं. पोटवाला जिंकला. यातून कुठला नियम काढायचा, हे मातीवाल्यालाही सांगता आलं नाही.

या सगळ्या पंडितांची झोप उडवणारी एक तारीख आहे, 1 मे 1971. व्हेनेझुएलाहून कॅन्योनेरो दुसरा नावाचा घोडा डर्बीला आला. जन्म केंटकीतलाच, पण पुढचा एक पाय वाकडा, म्हणून लहानपणी 1200 डॉलरला फुंकून टाकलेला. काराकासहून निघालेलं विमान बिघाडामुळे परत फिरलं. पुढे मायामीत क्वारंटाइनमध्ये अडकला. तिथून लुईव्हिलला यायला विमान नाही, म्हणून ट्रकमधून हजारावर मैलांचा प्रवास. पोहोचला तेव्हा बरगड्या दिसत होत्या. त्याचे ट्रेनर हुआन आरियास त्याला घाईने पळवायचे नाहीत. त्याच्याशी बोलायचे, त्याचं ऐकायचे. घड्याळवाल्यांनी त्याच्या सरावाची वेळ लावली आणि हसून हसून घड्याळं खाली ठेवली.

बेटिंगच्या यंत्राला सगळ्या घोड्यांसाठी वेगळे खाने पुरत नव्हते. म्हणून ज्यांना काडीचीही आशा नाही, अशा घोड्यांची एक मोळी बांधून तिला ‘फील्ड’ हे एकच नाव द्यायची पद्धत होती. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेत मोठ्या माणसांची नावं संपली की ‘इत्यादी’ लिहितात, त्यातला प्रकार. कॅन्योनेरो त्या ‘इत्यादी’त होता. शर्यत सुरू झाली तेव्हा तो 20 घोड्यांत अठराव्या नंबरपर्यंत मागे पडला. मग शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूने तपकिरी रंगाचं काहीतरी येताना दिसलं. ते आलं, सगळ्यांच्या पुढे गेलं आणि पावणेचार लांबींनी जिंकलं. प्रेसबॉक्समध्ये कागद उलटसुलट करायची धांदल उडाली. ‘इत्यादी’वर दोन डॉलर लावणाऱ्याला 19 डॉलर 40 सेंट मिळाले. यांतल्या कितीजणांना आपण नेमका कुठला घोडा घेतलाय हे ठाऊक होतं, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ठरलं, की हा निव्वळ योगायोग. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेसमध्ये योगायोगाने ट्रॅकचा विक्रम मोडून पुन्हा पहिला नंबर काढला. मग मात्र सगळ्यांना कारणं दिसायला लागली. तो काराकाससारख्या उंचावरच्या गावात तयार झालेला, म्हणून छाती मजबूत. सव्वा मैल तो आधी धावलेला, म्हणून दम. सावकाश सराव, म्हणून ताजा. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या विरोधात दिलेले सगळे मुद्दे आता त्याच्या बाजूने लागू पडले आणि कुणाला एक शब्दही बदलावा लागला नाही. बेलमाँटला पायाच्या दुखण्याने तो चौथा आला, तेव्हा मुद्द्यांनी पुन्हा बाजू बदलली. इतिहासवाल्याला आज 1971ची आठवण करून दिली, तर तो म्हणतो, ‘तो अपवाद.’ 1986 साली इंग्लंडहून आलेला बोल्ड अरेंजमेंट दुसरा आला होता, याची आठवण दिली, तर म्हणतो, ‘दुसराच ना?’

खरी गंमत पुढेच आहे. ज्यांना ‘परदेशी’ म्हणून इतकं तपासतात, त्यांची जन्मगावं कुणी पाहत नाही. कॅन्योनेरो केंटकीत जन्मलेला. अराझीही केंटकीतलाच. मेंडेलसन केंटकीतला, तिथल्याच कीनलंडच्या लिलावात विकलेला. किंचाळणारा लानीसुद्धा केंटकीतलाच. त्याला बहुधा तेच सांगायचं असेल. म्हणजे गावचं पोर चार वर्षं मुंबईत राहून जत्रेला आलं, की त्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवायचं, असा हा न्याय.

उलट बाजूही बघा. 2025ची डर्बी सॉव्हरेनटीने जिंकली. हा घोडा अमेरिकन म्हणून धावला. मालक दुबईच्या शेख मोहम्मद यांची गोडॉल्फिन ही पागा. जॉकी ज्युनियर अल्वाराडो, व्हेनेझुएलाचे. या शेखसाहेबांनी 1999 साली 50 लाख डॉलरच्या घोड्याला दुबईच्या वाळवंटात तयार करून केंटकीला आणलं होतं. तो सातवा आला. मग वर्षानुवर्षं असे प्रयत्न झाले. शेवटी घोडा अमेरिकेत, बिल मॉट यांच्यासारख्या तिथल्याच ट्रेनरकडे ठेवल्यावर एकदाचा गुलाबांचा हार गळ्यात पडला. आणि 1917 साली डर्बी जिंकलेला ओमर खय्याम तर जन्माने चक्क इंग्लिश होता.

यात आमच्याही एका घराण्याचा हात आहे, तो का लपवा? बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘माय बाबू’ या घोड्याने 1948 साली इंग्लंडची 2000 गिनीज जिंकली. पुढे तो पैदाशीसाठी अमेरिकेला गेला. त्याच्या एका मुलीचं नाव ‘केरळा’. तिचा मुलगा दमास्कस हा 1967च्या केंटकी डर्बीचा लाडका घोडा. तो तिसरा आला आणि नंतर प्रीकनेस, बेलमाँट दोन्ही जिंकून वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. बडोदेकरांच्या बाबूचा, केरळाच्या पोटचा, दमास्कस नावाचा नातू केंटकीत धावला आणि त्याला परदेशी म्हणायचं एकाही पंडिताला सुचलं नाही.

वंशावळवाल्याला गप्प करायचं असेल, तर त्याला संडे सायलेन्सबद्दल विचारावं. 1989ची डर्बी जिंकलेला हा घोडा लहानपणी लिलावात कुणाला नको होता, कारण मागच्या पायांची ठेवण वाईट. डर्बी जिंकूनही पैदाशीसाठी अमेरिकन लोकांनी नाक मुरडलं. जपानच्या झेन्या योशिदांनी तो विकत घेऊन होक्काइडोला नेला. तिथे सलग 13 वर्षं तो जपानचा सर्वांत यशस्वी बापघोडा ठरला. आणि 2024 साली त्याचा पणतू, फॉरएव्हर यंग, तोवर एकही शर्यत न हरलेला, पणजोबांच्या गावी डर्बी धावायला आला. सौदी डर्बी आणि यूएई डर्बी दोन्ही जिंकून आल्यामुळे इतिहासवाल्याने त्याच्यावर आधीच काट मारली होती. शेवटच्या फर्लांगात तो आणि सिएरा लिओन एकमेकांना खांदे मारत धावले आणि पुढे असलेल्या मिस्टिक डॅनला दोघांनी मिळून गाठलं. निकाल फोटोवर गेला. मिस्टिक डॅन पहिला. एका नाकाने सिएरा लिओन दुसरा. आणखी एका नाकाने फॉरएव्हर यंग तिसरा. सव्वा मैलाच्या शर्यतीत दोन नाकं. ‘मी म्हटलंच होतं, बाहेरचा घोडा जिंकत नाही,’ असं म्हणायला एवढं पुरलं.

याच फॉरएव्हर यंगने 2025च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. अमेरिकेतली ती सर्वांत मोठी मातीवरची शर्यत जिंकणारा हा पहिला जपानी घोडा, आणि दुसरा कोण, तर तोच सिएरा लिओन. तिथे मातीही होती, प्रवासही होता, जॉकीही तेच जपानी र्‍यूसेई साकाई. म्हणजे मातीवाला, प्रवासवाला आणि जॉकीवाला, तिघांचे मुद्दे एका दुपारी निकालात निघाले. त्यांनी लगेच खुलासा केला, की आपण फक्त डर्बीबद्दल बोलत होतो.

तेव्हा माझा निकाल असा. समुद्र ओलांडून परदेशी पागेतून थेट आलेल्या घोड्याने 2025पर्यंत केंटकी डर्बी जिंकली आहे ती एकदा, आणि ती पंडितांनी ‘इत्यादी’त टाकलेल्या घोड्याने. पुन्हा जिंकेल का? जिंकेल. जपानी लोक ज्या चिकाटीने दरवर्षी येताहेत, ती पाहता फार वाट पाहावी लागणार नाही. यंदाच का, हे मात्र शर्यत संपल्यावर पाच मिनिटांनी विचारा. सगळे कारणांसह सांगतील. तोपर्यंत वाद घाला, मनसोक्त घाला. पैसे लावायचेच असतील, तर दोन डॉलरच्या वर जाऊ नका.